ल्युंगसाइडेतला पहिला हिवाळा: कुठली तयारी कधी आणि कशी करायची

ल्युंगसाइडे हे उत्तर नॉर्वेच्या ट्रोम्स जिल्ह्यातलं, आर्क्टिक वृत्तापासून सव्वातीनशे किलोमीटरहून थोडं जास्त उत्तरेला असलेलं छोटं गाव. नावाच्या शेवटी 'ट' लिहितात, पण उच्चारत नाहीत. 'आइड' म्हणजे दोन पाण्यांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, आणि गाव नेमकं तिच्यावरच बसलंय. पश्चिमेला उल्सफ्योर्डचा ह्योसेन हा फाटा, पूर्वेला ल्युंगेनफ्योर्ड. उत्तर-दक्षिण ल्युंगेन आल्प्सची रांग. तिचं सर्वात उंच शिखर येक्केवारी, १८३४ मीटर. फ्योर्ड म्हटल्यावर कोकणातली खाडी डोळ्यांसमोर आणू नका. इथे खारफुटी नाही, चिखल नाही, डोंगर सरळ खोल पाण्यात उतरतो. सपाट जागा म्हणाल तर किनाऱ्यालगतची एक पट्टी. घरं, शेतं, रस्ता, शाळा, धक्का, सगळं त्या पट्टीवर.

नवीन माणूस थंडीला घाबरून येतो. खरं तर थंडी इथे बेताची आहे. समुद्राचं पाणी गोठत नाही आणि किनाऱ्यावर जानेवारीतही बहुतेक दिवस पारा शून्य ते उणे दहाच्या दरम्यान असतो. फजिती होते ती वेगळ्याच गोष्टींनी: फेरीबोट रद्द झाली, रस्ता बंद पडला, वीज गेली, सरपण ओलं निघालं. यातलं काहीतरी दर हिवाळ्यात होतंच. म्हणून तयारी ऑगस्ट-सप्टेंबरात उरकायची. पहिला बर्फ पडल्यावर सुरू केलेलं प्रत्येक काम दुप्पट वेळ खातं.

कागदपत्रं: हा भाग पटकन उरका

निवास परवाना घेऊन नॉर्वेत उतरल्यावर सात दिवसांच्या आत पोलिसांकडे जायचं असतं. भेटीची वेळ भारतातून निघण्यापूर्वीच ऑनलाइन घेऊन ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. मुक्काम सहा महिन्यांहून जास्त असेल तर कर खात्याकडे स्थलांतराची नोंद करायची. त्यासाठी पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष ओळख पटवावी लागते आणि त्यापायी बहुधा ट्रोम्सो शहराची एक चक्कर होते. पोलीस आणि कर खातं ही दोन्ही कामं शक्यतो एकाच चकरेत बसवा.

मग अकरा आकडी जन्मक्रमांक मिळतो. त्यातले पहिले सहा आकडे म्हणजे तुमची जन्मतारीख. पुढची साखळी त्याच्यावरच उभी आहे: करकार्ड, बँक खातं, बँक-आयडी (ऑनलाइन ओळख पटवायची सोय), आणि मग हेल्सेनोर्गे या सरकारी आरोग्य संकेतस्थळावर फास्टलेगे, म्हणजे ठरलेला डॉक्टर. करकार्ड वेळेत झालं नाही तर पगारातून थेट ५० टक्के कर कापला जातो. नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्याचं घरभाडं त्यातूनच द्यायचं असतं हे लक्षात ठेवा. भारतातून येणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी सक्तीची आहे. बोलावणं आलं की टाळाटाळ करू नका.

फायद्याचं एक: ल्युंगेन ही नगरपालिका फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्सच्या विशेष सवलत क्षेत्रात येते. सर्वसाधारण उत्पन्नावरचा कर २२ ऐवजी १८.५ टक्के, घरगुती विजेवर मूल्यवर्धित कर नाही, आणि ऑगस्ट २०२३ पासून बालवाडीला शुल्क नाही. पत्ता वेळेवर नोंदवला नाही तर हे लाभ उशिरा सुरू होतात.

घर बघताना

भाड्याचं घर फ्योर्डच्या कुठल्या काठावर आहे यावरून त्याचं वय साधारण कळतं. १९४४ च्या शरद ऋतूत माघार घेताना जर्मन सैन्याने फिनमार्क आणि उत्तर ट्रोम्स जाळत आणलं, ते ल्युंगेनफ्योर्डच्या पूर्व काठापर्यंत. पश्चिम काठावरचं ल्युंगसाइडे वाचलं, म्हणून अठराव्या शतकातलं लाकडी चर्च आजही उभं आहे. समोरच्या कोफ्योर्ड बाजूला मात्र जुनं घर म्हणजे युद्धानंतर घाईने बांधलेलं पुनर्बांधणीचं घर: छोटं, दोन मजली, साध्या चौकोनी आकाराचं. ही घरं टिकाऊ आहेत, पण भिंतीत मूळचं उष्णतारोधन नावापुरतं असतं. नंतर घातलंय का, खिडक्या बदलल्यात का, हे मालकाला थेट विचारा आणि मागच्या जानेवारीचं विजेचं बिल दाखवायला सांगा. कुणी वाईट वाटून घेत नाही.

घर पाहायला गेलात की या गोष्टी तपासा:

– गरम होण्याच्या दोन स्वतंत्र सोयी आहेत का? हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं यंत्र) आणि लाकडाची शेगडी ही उत्तम जोडी. वीज गेली की हीट पंप बंद. शेगडी मात्र चालूच राहते.
– हीट पंपाचा बाहेरचा भाग जमिनीपासून किती उंच आहे? बर्फात बुडण्याइतका खाली असेल तर हिवाळाभर फावडं घेऊन त्याच्याभोवती उभं राहावं लागेल. छपरावरून घसरणारा बर्फ त्याच्यावर पडत नाही ना, तेही बघा.
– घराचा मुख्य पाण्याचा खटका कुठे आहे? स्वतः एकदा बंद करून, उघडून बघा. जुना खटका गंजून बसलेला असतो.
– प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म हवा, आणि आग विझवण्याचं साधन, म्हणजे सहा किलोचा पावडरचा सिलिंडर किंवा तत्सम काही. ते देणं घरमालकाचं काम.

अलार्मबद्दल मराठी स्वयंपाकघराला लागू असलेली एक सूचना. मोहरी-हिंगाची फोडणी कडक झाली की तो हमखास कोकलतो आणि दुसऱ्या आठवड्यात वैतागून बॅटरी काढली जाते. काढू नका. अलार्म चुलीपासून लांब हलवा, किंवा स्वयंपाकघराजवळ धुराऐवजी उष्णता ओळखणारा बसवून घ्या. लाकडी घराला आग लागली तर ती पसरायला वेळ लागत नाही.

स्कीइंगचा हंगाम मार्च ते मे. त्या काळात पर्यटकांना आठवड्यावर घर देणं मालकाला जास्त परवडतं. त्यामुळे भाडेकरार वर्षभराचा आहे, फेब्रुवारीअखेर संपणारा नाही, हे सही करण्यापूर्वी वाचा.

सरपण

इथे सरपण म्हणजे बर्च, भूर्जाच्या जातीचं झाड. विकत घेताना तीन मापं कानावर पडतील. 'फाव्न' हे जुनं माप, रचलेलं २.४ घनमीटर लाकूड. 'स्टोरसेक' म्हणजे १००० किंवा १५०० लिटरचं मोठं पोतं, ज्यात लाकूड सैल भरलेलं असतं. आणि पेट्रोल पंपावर किंवा किराणा दुकानाबाहेर मिळणारी ४० किंवा ६० लिटरची छोटी पोती, जी हिशेबाने सर्वात महाग. रोज संध्याकाळी काही तास शेगडी पेटवणाऱ्या घराला १००० लिटरची दोन-तीन पोती हिवाळाभर पुरतात. शेगडीवरच घर चालवायचं असेल तर हा हिशेब लागू नाही, दुपटीहून जास्त धरा.

लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली हवं. ओलावामापक असेल तर तो बाहेरच्या पृष्ठभागावर लावू नका. ओंडका फोडून ताज्या फाळीवर लावा. मापक नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं असेल तर टणक, स्वच्छ आवाज येतो. ओलं असेल तर मऊ 'थप्'. ऑक्टोबरात 'यंदाचंच आहे, पण सुकलंय' असं सांगून स्वस्तात मिळणारं लाकूड बहुतेकदा थप् वाजतं. ओलं सरपण जळतं, पण बरीच उष्णता स्वतःचं पाणी उडवण्यात घालवतं, काच काळी करतं आणि धुराड्यात चिकट डांबरासारखी काजळी साठवतं.

रचताना खाली लाकडी पॅलेट घाला, वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळलेला ढीग आतून बुरसटतो. उद्या जाळायचं सरपण आजच घरात आणून ठेवा, थंडगार ओंडका पेट घ्यायला रडवतो.

पेटवायची पद्धत आपल्या चुलीच्या उलट, म्हणजे वरून:

१. तळाशी दोन-तीन जाड फोडी, मध्ये बोटभर फट ठेवून.
२. त्यांच्यावर आडव्या बारीक फोडी.
३. सर्वात वर हाताच्या बोटाएवढ्या चिरफळ्या आणि त्यात बर्चची साल. ही साल पावसात भिजलेली असली तरी भडकते. आगपेटीशेजारी तिची एक पिशवी कायम ठेवा.
४. हवेची झडप पूर्ण उघडी ठेवून वरून काडी लावा.
५. खालच्या जाड फोडी धडधडून पेटल्या की झडप अर्ध्यावर आणा. पूर्ण बंद कधीच नाही.

वरून पेटवल्यावर खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतून जातो आणि जळून जातो. खालून पेटवलं तर तोच वायू धूर होऊन धुराड्यात शिरतो. रात्री निखारे टिकावेत म्हणून झडप आवळून झोपायची सवय अनेकांना लागते. काजळी साठते ती यातूनच.

धूर घरात उलटा आला तर कारण बहुधा दोनपैकी एक. दोन दिवस शेगडी बंद होती आणि धुराड्यात थंड हवेचा खांब बसलाय: वर्तमानपत्राचा एक बोळा आधी पेटवा, तो खांब वर सरकतो. किंवा स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा चालू आहे. नवी घरं इतकी हवाबंद असतात की तो पंखा हवा शोधत थेट धुराड्यातून खाली ओढतो. फोडणी देताना खिडकी बोटभर उघडी ठेवली की दोन्ही कामं होतात.

राख काढायची ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली ठेवायची बाहेर, दगडावर किंवा काँक्रीटवर. लाकडी ओट्यावर नाही. राखेत दडलेला निखारा दोन-तीन दिवसांनीही जिवंत असतो. धुराड्यातून विमानासारखी घरघर ऐकू आली तर आत काजळी पेटली आहे. शेगडीची हवा बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, ११० ला फोन करा. पाणी ओतू नका, तापलेलं धुराडं तडकतं.

आठवडाभर बाहेरगावी जात असाल तर घर १२-१५ अंशांवर ठेवा, पाण्याचा मुख्य खटका बंद करा, नळ उघडून नळीतलं पाणी सोडून द्या. कडाक्याच्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. नळी गोठलीच तर केस वाळवायचं यंत्र नळाच्या टोकाकडून सुरू करून मागे मागे न्या. उघडी ज्योत वापरू नका.

गाडी

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून तीन महिनेच गाडी चालवता येते आणि ते सरळ बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, शिवाय निसरड्या रस्त्यावरचा सुरक्षा अभ्यासक्रम आहे. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, तेव्हा आल्या-आल्या नाव नोंदवा. लायसन्स हातात येईपर्यंत बस, फेरी आणि शेजारी.

उत्तर नॉर्वेत खिळ्यांचे टायर १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल चालतात. हिवाळी टायरची नक्षी किमान ३ मिलिमीटर खोल असावी असा कायदा आहे. प्रत्यक्षात चारच्या खाली गेला की बर्फमिश्रित चिखलात टायर तरंगायला लागतो. खिळे की बिनखिळ्यांचे, हा वाद शहरात ठीक. फ्योर्डकाठी घ्या खिळ्यांचेच. कारण बर्फापेक्षा त्रास देते ती मधूनच येणारी ऊब: डिसेंबरात दोन दिवस पाऊस पडतो, दबलेला बर्फ ओला होतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी रस्ता काचेसारखा असतो.

पेट्रोल-डिझेल गाडीला इंजिन तापवणारा हीटर असतो; त्याची वायर समोरच्या जाळीतून बाहेर आलेली दिसते. निघण्याआधी दोन-तीन तास जोडायचा, टायमर लावून. रात्रभर जोडून ठेवण्यात फायदा नाही, बिल वाढतं. वायर काढायची विसरून निघणारे दर हिवाळ्यात असतात. काच धुण्याचं द्रव उणे २५ पर्यंत टिकणारं घ्या. उन्हाळ्यातलं उरलेलं त्यात मिसळलं तर नळी गोठते.

गाडीत कायम असायचं सामान: परावर्तक जाकीट आणि त्रिकोण (दोन्ही सक्तीचे), फावडं, ओढायची दोरी, बर्फ खरवडणी, डोक्याला लावायचा दिवा, घोंगडी, कोरडे लोकरी मोजे, काहीतरी खाऊ. जाकीट डिकीत नाही, चालकाच्या हाताशी ठेवा, कारण ते घालूनच खाली उतरायचं असतं. इंधन अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. आणि दारूची मर्यादा रक्तात ०.२ प्रोमिल, म्हणजे हजारी ०.२ आहे, म्हणजे एक बिअरसुद्धा नको. रात्री प्यायलेली सकाळीही मोजली जाते.

रेनडिअर रस्त्यात उभे राहतात, मिठासाठी, किंवा नांगरलेला रस्ता चालायला सोपा म्हणून. एक दिसला की मागून आणखी येणार हे धरून वेग कमी करा. धडक बसली तर ०२८०० वर पोलिसांना कळवा, जनावर पळून गेलं तरी. प्रत्येक रेनडिअरला सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातला, मालक असतो. त्याची भरपाई आणि जखमी जनावराचा शोध त्या फोनवर अवलंबून.

ऑक्टोबरात, जमीन गोठण्याआधी, अंगणाच्या आणि वाटेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या ठोकून घ्या. बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला जानेवारीत तेवढ्यावरूनच कळतं की वाट कुठे संपते आणि तुमची फुलझाडं कुठे सुरू होतात. जमीन गोठल्यावर काठी आत जात नाही, पहारीने भोक पाडावं लागतं.

फेरी, रस्ता आणि दुसरा बेत

ट्रोम्सोहून यायची नेहमीची वाट अशी: सुमारे ५० किलोमीटर गाडीने ब्रेइव्हिकआइडे, तिथून फेरीने वीस-पंचवीस मिनिटांत स्वेन्सबी, मग ह्योसेनच्या काठाने ल्युंगसाइडे. पुढे पूर्वेला जायचं तर गावच्या धक्क्यावरून दुसरी फेरी, पाऊण तासाच्या आत ओल्डरडालेन, आणि तिथे ई-६ महामार्ग. फेरीशिवायची वाट दक्षिणेकडून: ई-८ ने नूरह्योसबोत्न, ओटेरेन, आणि मग फ्योर्डच्या पश्चिम काठाने ८६८ क्रमांकाचा रस्ता. ट्रोम्सोपासून ती अंतराने जवळजवळ दुप्पट पडते.

फेरीचे पैसे गाडीच्या नंबरावरून किंवा काचेवरच्या टॅगवरून आपोआप घेतले जातात. टॅग आणि फेरीचं आगाऊ भरलेलं खातं असेल तर सवलत मिळते, म्हणून गाडी घेतल्याच्या आठवड्यातच ते करून टाका.

वारा वाढला की फेरी थांबते. जोरदार बर्फ पडला, किंवा बर्फावर पाऊस झाला, की डोंगराखालचा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने बंद होतो. दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं, कारण वादळ एकच असतं. म्हणून:

विमान गाठायचं असेल तर आदल्या दिवशी ट्रोम्सोत पोचा. दवाखान्याची तपासणी ट्रोम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात असेल तरी तेच. रोजची औषधं महिन्याभराची शिल्लक हवीत. बाळंतपण जवळ आलं असेल तर कुठे राहायचं ते दाईशी आधीच बोलून ठरवा. निघण्यापूर्वी यर या हवामान सेवेवर वाऱ्याचा झोत पाहा, नुसता सरासरी वेग नाही. आणि रस्त्याची स्थिती १७५ वर विचारा.

घाटात कधी कधी 'कोलोनेह्योरिंग' लागतं. फाटकापाशी गाड्या थांबवतात आणि बर्फ हटवणाऱ्या गाडीमागे रांगेने सोडतात. त्यात शिरण्याआधी अंगावर पूर्ण गरम कपडे हवेत, टाकी भरलेली हवी. धोक्याचे दिवे चालू ठेवा, पुढच्या गाडीचे दिवे नजरेआड होऊ देऊ नका, मधेच वळू नका, गाडी सोडून चालत निघू नका. काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही तेव्हा जवळचं घर शोधायला जावंसं वाटतं. माणसं हरवतात ती तेव्हाच.

हिमस्खलन आणि दरड: दोन वेगळे धोके

हिमस्खलनाचा इशारा 'वारसोम' या सरकारी सेवेवर रोज येतो, १ ते ५ अशा पायऱ्यांत. ३ म्हणजे 'मध्यम, चालतंय' असं समजू नका. तिसरी पायरी खरोखर धोक्याची आहे. मूळ नियम साधा: ३० अंशांहून जास्त उताराचा बर्फ सुटू शकतो. नवीन माणूस चुकतो तो इथे, की आपण सपाटीवर चालतोय म्हणून निर्धास्त राहतो. सुटलेला बर्फ सपाटीवर पुष्कळ लांब धावतो. ढोबळ मानाने उताराच्या उंचीच्या तिप्पट आडवं अंतर धोक्याचं धरा. उतार २०० मीटर उंच असेल तर पायथ्याशी ६०० मीटरचा पट्टा.

डोंगरावर स्की किंवा हिमपादुका घेऊन जायचं तर प्रत्येकाकडे तीन वस्तू: सिग्नल देणारं यंत्र, शोधकाठी, फावडं. गाडलेल्या माणसाकडे हातात असतात ती पहिली दहा-पंधरा मिनिटं. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही, म्हणजे वाचवणारे तुमचेच सोबती. मार्च २०१२ मध्ये समोरच्या कोफ्योर्डमधल्या सोर्बमेगाइसा डोंगरावर पाच स्कीपटू एकाच स्खलनात गेले. पहिल्या वर्षी डोंगर अनुभवी स्थानिकांसोबतच करा आणि ते 'आज नको' म्हणाले तर का म्हणून हुज्जत घालू नका.

दरडीची गोष्ट निराळी. फ्योर्डपलीकडच्या नूरनेस डोंगराचा एक मोठा भाग हळूहळू सरकतोय. तो एकदम पाण्यात कोसळला तर उठणारी लाट ल्युंगसाइडेपर्यंत येईल. ही नुसती कल्पना नाही: १८१० मध्ये याच फ्योर्डच्या पोलफ्येल डोंगराची दरड पाण्यात पडली आणि लाटेने १४ जणांचा जीव घेतला. नूरनेसवर आता जलसंपदा आणि ऊर्जा संचालनालयाची चोवीस तास नजर आहे. हालचाल आधी वेगावते, आणि लोकांना हलवायला किमान ७२ तास मिळावेत असं सगळं नियोजन आहे. त्यामुळे रोज भीत बसायचं कारण नाही. तुमचं काम एवढंच: आपलं घर लाटेच्या पट्ट्यात येतं का ते नगरपालिकेच्या नकाशावर बघणं, आणि हलायचा आदेश आला तर कुठे जायचं ते घरात ठरवून ठेवणं.

मोबाइलवर कर्कश आवाजात येणारा 'नोदव्हार्सेल' हा आणीबाणीचा इशारा २०२३ पासून सुरू आहे. त्याची चाचणी जानेवारी आणि जूनमधल्या दुसऱ्या बुधवारी दुपारी १२ वाजता होते. त्या दिवशी दचकू नका, इतर कुठल्याही दिवशी मात्र वाचा. नेटवर्क गेलं तर रेडिओ. एफएमवरची राष्ट्रीय केंद्रं २०१७ मध्ये बंद झाली, तेव्हा भारतातून आणलेला ट्रान्झिस्टर इथे निकामी. बॅटरीवर चालणारा डॅब, म्हणजे डिजिटल, रेडिओ घ्या. घरात माणशी २० लिटर पाणी, आठवडाभराचा कोरडा शिधा, थोडी रोकड आणि मेणबत्त्या ठेवायचा सरकारी सल्ला आहे. तांदूळ-डाळ-पोहे साठवायची सवय असलेल्या घराला यातलं निम्मं आपोआप जमतं. लक्षात ठेवायचे तीन नंबर: ११० आग, ११२ पोलीस, ११३ रुग्णवाहिका. जीवावरचं नसेल पण उद्यापर्यंत थांबता येत नसेल तर ११६११७.

काळोख

नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि डोंगरांमुळे गावात तो आणखी काही दिवस उशिरा दिसतो. पूर्ण अंधार मात्र नसतो. दुपारी बाराच्या आगेमागे काही तास निळसर उजेड असतो. तेवढ्यात रोज अर्धा तास बाहेर पडणं हे औषधासारखं पाळा. कामावर जेवणाची सुट्टी त्यासाठीच वापरा. कॉडच्या यकृताचं तेल, 'त्रान', रोज एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. त्यात १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व मिळतं. सावळ्या त्वचेच्या माणसाला इथल्या उन्हाळ्यातही ते कमी पडू शकतं, पहिल्या वर्षी रक्त तपासून घ्या. शाकाहारी असाल तर गोळ्या मिळतात.

बाहेर पडताना अंगावर लोंबता परावर्तक हवा. मंद दिव्यांत चालकाला साधा माणूस २५-३० मीटरवर दिसतो, परावर्तक असलेला सुमारे १४० मीटरवर. बुटांखाली ओढून बसवायचे खिळे, 'ब्रोदर', दाराशी टांगलेले असावेत. आणि शेजारच्या आजी ज्यावर उभ्या राहून पायाने ढकलत दुकानात जातात ती 'स्पार्क' नावाची घसरखुर्ची चेष्टेची वस्तू नाही. पुढच्या बैठकीवर किराणा राहतो, हाताला आधार मिळतो. काचेसारख्या रस्त्यावर तिच्यापेक्षा भरवशाचं वाहन नाही.

कपड्यांत अंगालगत लोकर, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं. सुती बनियन घामाने भिजलं की सुकत नाही आणि मग पाठ गार पडते. बूट एक माप मोठे, आत जाड मोज्यासह बोटं हलली पाहिजेत.

दिवाळीचा आकाशकंदील उतरवायची घाई करू नका. डिसेंबरच्या तोंडावर अॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचा काळ, सुरू झाला की इथल्या जवळजवळ प्रत्येक खिडकीत कागदी तारा लागतो, तुमचा त्यात खपून जातो. उलट बाजू मे महिन्यात: २० मेच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो तो थेट जुलैच्या उत्तरार्धापर्यंत. जाड काळे पडदे हिवाळ्याच्या सेलमध्येच घेऊन ठेवा.

खाणं

भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा सामानात नको. मसाले, पोहे, कोकम चालतात. चपातीसाठी 'सामाल्ट व्हेते' लिहिलेल्यांपैकी 'फीन', म्हणजे बारीक दळलेलं पीठ घ्या. कोंडा जरा जास्त असतो, पाणी थोडं वाढवून अर्धा तास मुरू द्या. दुकानं रविवारी सहसा बंद, हे पहिले दोन महिने हटकून विसरायला होतं.

समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही. सॅमन आणि सी-ट्राउटचे नियम वेगळे आणि कडक आहेत. कॉड किमान ४४ सेंटिमीटर, हॅडॉक ४०, हॅलिबट ८४. लहान असेल तर जिवंत परत सोडा. छोट्या बोटीत लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं. मासा वर आला की लगेच कल्ल्यांपाशी कापून पंधरा-वीस मिनिटं समुद्राच्या पाण्याच्या बादलीत रक्त जाऊ द्या. हे टाळलं तर मांस तांबूस होतं आणि वास लवकर धरतं.

मालवणी रश्श्यासाठी कॉड घेतलात तर पहिल्यांदा निराशा होईल. त्याचे पापुद्रे सुटे असतात, रस्सा उकळत ठेवला की तुकड्याचा चिवडा होतो. रस्सा आधी पूर्ण करा, कोकम घाला, आच बंद करा, मग तुकडे सोडून झाकण ठेवा; सात-आठ मिनिटांत शिजतात. उकळीत टिकणारा मासा हवा तर 'सेइ' घ्या, तो घट्ट आहे, उन्हाळ्यात धक्क्यावरूनही लागतो, आणि स्थानिक लोक त्याला कॉडपेक्षा कमी लेखतात हे आपल्या पथ्यावर. कॉडमध्ये अळ्या असू शकतात. शिजवून खायला धोका नाही, अर्धवट कच्चा खाऊ नका.

माणसं

सगळ्यांना पहिल्या नावाने हाक, डॉक्टर आणि मुख्याध्यापकांनाही. घरात शिरताना बूट बाहेर, हे सांगावं लागणार नाही. गावाला तीन नावं आहेत, कारण नॉर्वेजियन, सामी आणि क्वेन (मूळ फिनिश वंशाचे) हे तीन समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या मिसळून आहेत: सामीत इव्गुमुओत्की, क्वेनमध्ये युकेआन्मुओत्का. कुणाचं घराणं कुठलं हे पहिल्याच भेटीत विचारू नका. सक्तीच्या नॉर्वेजियनीकरणाच्या काळात अनेक घरांनी आपली भाषा लपवली, ती जखम अजून पूर्ण भरलेली नाही. ल्युंगेन भागात लेस्टाडियन या ख्रिस्ती पंथाचा पगडा जुना आहे. काही घरांत दारू वर्ज्य, रविवारी यंत्रांचा आवाज नको. लाकूड फोडायचं यंत्र शनिवारीच चालवा.

ओळखी होतात त्या 'दुग्नाद'मध्ये, म्हणजे श्रमदानात: शाळेचं मैदान साफ करणं, धावायची वाट दुरुस्त करणं, सभागृह रंगवणं. फलकावर तारीख लागते. हातमोजे घेऊन वेळेवर जा, कामानंतर कॉफी आणि वाफल असतात, तिथे थांबा. काम थोडं कमी केलेला माणूस कुणाला खटकत नाही, कॉफीआधी निघून गेलेला खटकतो. सरपण कोणाकडे सुकं मिळतं, ट्रॅक्टर कोण फिरवतो, वापरलेले खिळ्यांचे टायर कोण विकतोय, हे सगळं तिथेच कळतं.

कुत्रा असेल तर १ एप्रिल ते २० ऑगस्ट पट्ट्यावर. ३० एप्रिलपूर्वी टायर बदला. आणि पुढच्या हिवाळ्याचं लाकूड ईस्टरच्या आधीच सांगून ठेवा: एप्रिलच्या कोरड्या वाऱ्याआधी फोडलेला बर्च सप्टेंबरपर्यंत टण वाजतो, जूनमध्ये फोडलेला नाही.